फुलाबाईंची हरकत

रिव्हॉल्व्हर टीपॉयवर होतं आणि त्याच्या शेजारी पोह्यांची बशी. पोहे पोलीस ठाण्यातून आलेल्या अंमलदार राजनंदिनी यांच्यासाठी होते. कामथडीच्या या बंगल्यात त्या चौकशीला आल्या होत्या. चौकशी तशी फुटकळच होती. नारायणशेठना जुनं रिव्हॉल्व्हर देऊन नवं पिस्तूल घ्यायचं होतं. त्यासाठी परवान्यातली नोंद बदलायची, आणि नोंद बदलायची तर ठाण्याचा अहवाल हवा, घरातल्यांचे जबाब हवेत.

शेठ खुशीत होते. हायवेला लागून असलेली जमीन प्लॉट पाडून विकल्यापासून गावात त्यांना नुसतं नारायण म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. आधी शेठपण आलं, मग पांढरी गाडी आली आणि दहा वर्षांपूर्वी स्वसंरक्षणासाठी हे हत्यार आलं. शेठच्या जिवावर कोण उठलं होतं, हे गावाला अजून कळलेलं नाही. दहा वर्षांत त्यातून एकही गोळी सुटली नव्हती.

नव्या पिस्तुलाची वकिली मुलगा विराज करत होता. मोबाईलवर फोटो दाखवून त्याने अंमलदार बाईंनाच शिकवायला घेतलं. रिव्हॉल्व्हर म्हणजे फुगीर पोटाचं धूड, शर्टाखालूनही दिसतं. गोळ्या सहाच, आणि त्याही गोल चक्रात, उघड्यावर. पिस्तूल कसं चपटं. गोळ्या मुठीत, आतल्या आत. बाहेरून बघणाऱ्याला कशाचा पत्ता लागत नाही. राजनंदिनी पोहे खात ऐकत होत्या. दोन्ही हत्यारं आपण चालवली आहेत, हे सांगायच्या फंदात त्या पडल्या नाहीत.

अडचण एकच होती, शेठच्या बायकोची. फुलाबाईंनी महिनाभर नको, नको लावलं होतं. कारण विचारलं की दर वेळी वेगळं सांगायच्या. जुनं लाभलंय म्हणायच्या. खंडेनवमीला पूजलेली वस्तू मोडीत काढू नये म्हणायच्या. पूजा त्याच करायच्या, हे खरं. रिकामं रिव्हॉल्व्हर पाटावर ठेवून चक्राच्या सहाही भोकांना एकेक करून हळद-कुंकू लावायच्या, आणि लावताना प्रत्येक भोकात डोकावून बघायच्या. आयाबाया तोंडाला पदर लावून हसायच्या. एवढ्या निगुतीने तर त्यांनी घरच्या देवांनाही कधी कुंकू लावलं नव्हतं.

फुलाबाईंच्या सवयी विचित्रच, असं घरात ठरून गेलं होतं. शेठ जेवायला बसले की कमरेचं हत्यार काढून ताटाशेजारी ठेवत. त्याचं तोंड कुठे आहे, हे बघायची त्यांना कधी गरज वाटली नाही. समोरच्या खुर्चीत फुलाबाई बसत. बसण्याआधी त्या ट्यूब लावत, भर दुपारीही. शेठचा आवाज चढला की कधी त्या उलटून बोलत, कधी घास हातात धरून गप्प होत. कधी बोलायचं आणि कधी नाही, हे त्या कशावरून ठरवत ते कुणी विचारलं नाही.

गेल्या निवडणुकीत परवान्याची सगळी हत्यारं ठाण्यात जमा झाली होती. त्या दोन महिन्यांत फुलाबाई शेठशी दोनदा कडकडून भांडल्या आणि बहिणीकडे गुंजवण्याला चार दिवस राहूनही आल्या. हिला म्हातारपणी वाचा फुटली, असं शेठ चारचौघांत सांगत फिरले. हत्यार परत आलं, त्या दिवशी फुलाबाईंचं डोकं दुखत होतं.

राजनंदिनींनी बशी मांडीवर घेतली आणि कागद पुढे ओढला. शेठचा जबाब झाला, विराजचा झाला. मग फुलाबाईंचं नाव, वय, धंदा घरकाम असं लिहून त्यांनी विचारलं, या बदलाला तुमची काही हरकत आहे का?

"हिची कसली हरकत?" शेठच बोलले. "न्हाई म्हनून लिवा."

जबाब ज्याचा त्यानेच द्यायचा असतो, असं राजनंदिनी कागदावरची नजर न उचलता म्हणाल्या. रोज दहा घरांत त्या हे वाक्य म्हणत असतील. या घरात ते पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं. फुलाबाईंनी पदराला हात पुसले. हात कोरडेच होते.

"लिवा मॅडम. हरकत हाय."

विराजने कपाळाला हात लावला. शेठ मात्र हसतच होते. पूजा करून करून तिचा जीव जडलाय याच्यावर, असं म्हणत त्यांनी रिव्हॉल्व्हर उचललं आणि गमतीत बायकोच्या तोंडासमोर धरलं. राजनंदिनी ताडकन उठल्या. बशी फरशीवर पडून फुटली. फुलाबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. दचकल्याही नाहीत. त्यांनी नळीच्या दोन्ही बाजूंना एकदा शांतपणे पाहिलं आणि मग त्या अंमलदार बाईंकडे वळल्या.

"बसा मॅडम, रिकामं हाय. ह्याच्या गोळ्या समोरनं दिसत्यात, म्हनून मला कळतंय. त्या नव्याचं कसं कळायचं?"