केतकीचा थकवा

वत्सलाबाईंचा हात वरणभाताच्या ताटातच राहिला आणि बसल्या जागी त्यांना झोप लागली. मानेवरच्या पट्टीतून लेकीचा थकवा त्यांच्या अंगात उतरत होता. केतकी मात्र आतल्या खोलीत सकाळपासून ताजीतवानी राहून कोड लिहीत होती. "घरच्या एका माणसाने पट्टी लावायची, थोडी सुस्ती येईल," एवढंच केतकीच्या कंपनीने सांगितलं होतं.

फोनच्या आवाजाने त्या दचकून जाग्या झाल्या. केतकीचा मॅनेजर होता. "मावशी, या आठवड्यात काम जास्त आहे. दुसरी पट्टीही लावाल ना?"

वत्सलाबाईंचं डोकं फिरलं. "मेल्या, मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये जन्म काढला. कामाची पाळी संपली की पुढची बाई मागे येऊन उभी राहायची आणि आमच्या कानांवरचा हेडफोन स्वतः काढून घ्यायची. थकायचो, पण आपापलं थकायचो आणि घरी जायचो. तुमच्याकडे पाळी संपते तरी कधी?"

त्यांनी मानेवरची पट्टी ओरबाडून काढली.

आतला कीबोर्डचा आवाज थांबला. भिंत धरत धरत केतकी दारापर्यंत आली आणि तिथेच मटकन खाली बसली. "आई, हे एवढं... तू रोज?"

"रोज."

फोनवर मॅनेजर बोलतच होता, "हरकत नाही मावशी. घरात दुसरं कोणी मोठं माणूस आहे का?"

केतकीने हात लांब करून फोन घेतला. "नाही," ती म्हणाली, "आणि आजपासून तुमच्याकडे मीही नाही."