खदानीची हजेरी

“जित्या मानसाले गाडून राहिले तुमी, साहेब.”

खदानीच्या साहेबांनी शांतपणे चष्मा पुसला. “आमदारसाहेब, हजेरीप्रमाणे सगळे वर आलेत. खाली कोणी नाही. पंप बंद करून खदानीचं तोंड बुजवायचा आदेश आहे.”

ठेकेदाराच्या मजुराची हजेरी लागतच नाही, हे आमदार उदारामला कोणी सांगायला नको होतं. देवरीच्या जंगलातल्या याच खदानीत त्यानं जवानी घालवली. इथली खरी हजेरी तोंडाशी उभ्या मोहाच्या झाडावर लागते. उतरणारा आपला डबा फांदीला टांगतो, वर आला की काढतो. डबा उरला म्हणजे माणूस खालीच उरला. खाली पाणी शिरलं तेव्हापासून, कालपासून, ठेकेदाराकडच्या मंगरूचा डबा तिथंच लटकत होता.

झाडाखाली मंगरूची बायको रुख्मा बसली होती. तिनं मानही वळवली नाही.

“तू बी म्हनून टाक, भाऊ, कोनी नाही म्हनून. आमदार झाल्यावर तुझा डबा या झाडाले कधी दिसला?”

उदाराम खदानीच्या तोंडाशी जाऊन खाली वाकला. नव्व्याण्णवच्या संपात त्यानं पगारवाढीवर पाणी सोडलं होतं, पण पूर आला तर चढून बसायला खालच्या बोगद्यात उंच माळा खोदून घेतला होता. त्यापायी तुरुंगात गेला. त्याच हट्टावर लोकांनी त्याला निवडून दिलं. मंगरू त्या माळ्यावर पोचला असेल तर जिता असेल. पंप थांबले की माळाही बुडणार.

तो गाडीकडे वळला. चला, गेली ब्याद, असं साहेबांना वाटलं.

उदाराम परत आला तो हातात पोचे पडलेला डबा घेऊन. मुंबईच्या आमदार निवासातही तो त्यातच जेवायचा. पेपरवाले त्याला नाटक म्हणायचे. मंगरूच्या डब्याशेजारी त्यानं तो टांगला, कोणाच्या तरी डोक्यावरचा दिव्याचा टोप मागून घेतला.

“कुठे निघालात? खाली पाणी आहे.”

“पान्याच्या काठावर बसतो. मंगरूले हाका मारतो.”

रुख्मा उठून उभी राहिली. पंपवाल्यानं बंद करायच्या बटणावरचा हात मागं घेतला.

उदाराम खदानीत उतरायच्या शिडीवरून कमरेइतका खाली गेला आणि थांबला.

“आता झाडावर आमदाराचा डबा हाये, साहेब. सांगा, खाली कोनी हाये का नाही?”