बारावा डबा

दिवाळी अंकाची कथा शनिवारी द्यायची होती आणि तात्यासाहेबांना पंधरा दिवसांत एक ओळ सुचली नव्हती. मनकर्णाबाईंनी त्यांच्यासाठी आतली खोली रिकामी केली, टीव्ही बंद ठेवला, आल्यागेल्याला "ते लिहायलेत" असं सांगून दारातूनच वाटेला लावलं. एवढ्या शांततेत तात्यासाहेबांनी तीनदा पेन धुतलं.

बुधवारी बाईंचा धीर सुटला. "अहो, नुसतं भिंतीकडंच बघायचं असंल तर शफीच्या गिरणीतून गहू तरी दळून आणा."

गिरणीत अकरा डबे पुढं होते. पट्ट्याचा खडखडाट, नाकातोंडात पीठ, त्यात नंबरावरून दोन बायकांचं कडाक्याचं भांडण. वैतागून तात्यासाहेबांनी खिशातली लग्नपत्रिका काढली आणि तिच्या पाठीवर उभ्याउभ्या लिहायला लागले. ती भरली तशी शफीकडून रद्दी मागून घेतली. कथा शेवटाला आली आणि नेमका त्यांचा नंबर लागला. पाच मिनिटांत दळण हातात.

घरी, त्या शांत खोलीत, शेवट काही येईना. गुरुवार तसाच गेला. शुक्रवारी सकाळी तात्यासाहेब डबा घेऊन पुन्हा गिरणीत हजर.

शफीनं झाकण उघडलं. "तात्यासाब, ये तो आटाच है! परसों मैंनेच पीसा."

"माहितेय. आणखी एकदा दळ," झाकण परत लावून त्यावर कोरा कागद पसरत तात्यासाहेब म्हणाले. "अन् घाई नाय. नंबर सगळ्यात शेवटी लाव."