रंगीत नाडी

"मला नाडी चावली," गादीवर बसून ठकूने तिसऱ्यांदा सांगितलं.

"नाड्या चावत नाहीत. झोप आता."

"रंगीत होती. लाल, काळी, पिवळी. बोट सोडतच नव्हती."

सकाळी ठकू अंगणातून आल्यावर आईने ते बोट उलटसुलट करून पाहिलं होतं. सूज नाही, रक्त नाही. टाचणी टोचावी तेवढे दोन ठिपके. पोर रडलीही नव्हती. एरवी आईने एवढ्यावरून दवाखाना गाठला असता. पण गेल्याच आठवड्यात ती डास चावल्याची गांध दाखवायला गेली, तेव्हा डॉक्टर हसून म्हणाले होते, "औषध खरं तर तुम्हालाच द्यायला हवं." नवऱ्याने ते वाक्य घरी सासूबाईंना दोनदा ऐकवलं. म्हणून आज तिने मलम लावलं, वर चिकटपट्टी लावली आणि स्वतःला बजावलं, पुरे झालं.

"आई, तू दोन दिसतेस."

"दोन असते तर एक तरी जरा आडवी झाली असती."

ठकू हसली. दुधाचा घोट हनुवटीवरून ओघळला. आईने तो पुसला. मग ठकू काहीतरी बोलली, जड जिभेने, बोबडं.

"लाडात यायचं नाही. चार वर्षांची घोडी झालीस."

ठकूच्या पापण्या खाली आल्या. रोज दुपारी तासभर छळायची ती. आताही मान मागे टाकून पापण्यांच्या फटीतून आईकडे बघत होती. आईने बोट उगारलं.

"डोळे उघडलेस तर बघ हं!"

डोळे मिटले. आई थोपटत राहिली. किती शहाण्यासारखी झोपली आज, तिच्या मनात आलं. मग ती खेळणी गोळा करायला अंगणात गेली. बाहुलीची बादली उचलली, तर ओल्या पानांतून नाडी सरकली. लाल, काळी, पिवळी.

"पोवळा साप," इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा चावला की दुखत नाही, सुजत नाही. तिथेच फसतात लोक. आधी पापण्या जातात, मग जीभ, मग गिळणं. शेवटी श्वास. प्रतिविष दिलंय. पण उशीर झालाय."

ठकूच्या तोंडात नळी होती. यंत्र तिची इवलीशी छाती वर उचलत होतं, खाली ठेवत होतं.

"शुद्ध असेल तिला. आपण बोलतोय ते ऐकू येत असेल." बाईंनी वाकून हाक मारली. "बाळा, डोळे उघड बघू." अंगठ्याने त्यांनी एक पापणी उचलली. सोडली तशी ती खाली आली.

"तू सांग ना," नवरा कसाबसा म्हणाला. "माझं कुठे ऐकते ती? तू सांग."

आईने चिकटपट्टीचं ते बोट मुठीत घेतलं.

"नाही उघडणार ती," ती म्हणाली. "मी दटावलंय तिला."