पाडव्याची खुर्ची

पाडव्याच्या दुपारी सगळी गल्ली चिमणाबाईंच्या गोठ्यापुढं म्हशी सजवत होती, आणि मनमाया खुर्चीत बसली होती. नेपाळातून कोल्हापुरात येऊन तिची ही तिसरी दिवाळी, तरी खुर्ची काही सुटली नव्हती. ती दारात दिसली की चिमणाबाई हाक मारायच्या, "पावणं आलं, खुर्ची द्या." मग खुर्ची यायची, चहा यायचा, फराळाचं ताट सगळ्यांच्या आधी यायचं. पंधरा वर्षांच्या पोरीला कुणी अहोजाहो करतं का? आणि तिनं कशाला हात लावला की लगेच, "ऱ्हाऊ द्या, तुम्ही बसा."

हे लाड आहेत हे तिला कळत होतं. पण चिमणाबाईंची नात स्वप्नाली, तिच्याच वर्गातली, सकाळपासून आजीची बोलणी खात होती, आणि मनमायाला त्या बोलण्यांचा मनापासून हेवा वाटत होता.

ऊन पेंगुळलं होतं. शिंगांना लाल, हिरवा रंग लागत होता, घुंगरं वाजत होती. तिचे डोळे जड झाले. म्हशी पाण्यावर तरंगल्यासारख्या दिसू लागल्या. त्यातली एक तर थेट तिच्या गावच्या धुक्यातून चालत येत होती.

ती खरंच चालत येत होती. स्वप्नालीच्या हातून दावं सुटलं होतं.

"ए मनमाया, बसलीयास काय? धर की," चिमणाबाई ओरडल्या.

मनमायानं दावं धरलं आणि म्हशीच्या मानेलाच लोंबकळली. म्हैस थांबली, पण शिंगाचा ओला रंग सगळा तिच्या हातांना लागला. चिमणाबाई करवादल्या. रंग फिसकटवलास, आता तूच लाव म्हणाल्या आणि ब्रश तिच्या हातात कोंबला. मनमायाला आनंदानं रडू यायचंच तेवढं राहिलं होतं.

शिंग अर्धं रंगलं असेल. चिमणाबाई म्हणाल्या, "मनमाया, पावण्यास्नी खुर्ची दे."

तिनं वळून पाहिलं. मोमोची गाडी लावणारे तिचे वडील सेलरोटीचा डबा घेऊन दारात उभे होते. तांदळाच्या पिठाची, कड्यासारखी गोल आणि गोड, सणाला घरी तळलेली, सगळ्यांसाठी आणलेली. तिनं पळत जाऊन खुर्ची पुढं केली. खुर्चीवर तिची लाल बोटं उठली.

वडील खुर्चीच्या कडेला टेकले. मग स्वप्नालीला पाण्याची बादली उचलताना पाहून ते हात द्यायला उठले.

"ऱ्हाऊ द्या, तुम्ही बसा," मनमाया म्हणाली.

शब्द आधी तोंडातून गेले, मग तिला ऐकू आले. वडील डबा मांडीवर घेऊन पुन्हा खुर्चीत बसले.