भिकाजीचे गाऱ्हाणे

“बा देवा म्हाराजा, ह्यो जो तुजो सत्यवान तांडेल आज नवी होडी दर्यात लोटता हा, तेका…”

भिकाजी थांबला.

त्याच्या पाठीमागे हात जोडून उभ्या असलेल्या मंडळींनी सवयीने “व्हय म्हाराजा!” असा पुकारा केला. मग त्यांच्या ध्यानात आले, की होकार देण्याजोगे वाक्य अद्याप पुरे झालेलेच नाही.

दोन्ही हातांत नारळ धरून भिकाजी समुद्राकडे पाहत राहिला. गाऱ्हाणे घालण्याचा, म्हणजे गावाचे मागणे देवापुढे मांडण्याचा मान तीस वर्षे त्याच्याकडे होता. वाक्य त्याने बोलावे आणि पाठीमागून गावाने होकार द्यावा, अशी रीत होती. भात पिको, मासळी लागो, कुणाचा मुलगा मुंबईत नोकरीला चिकटो, सारे काही त्याच्याच मुखातून देवापर्यंत पोचे. गेल्या वर्षी महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा देवाला त्याची वर्दीही त्यानेच दिली होती. आणि आज पुढचे वाक्य त्याच्या जिभेवर नव्हते. जिभेमागे नव्हते. कोठेच नव्हते.

शिमग्यापासून हे भय त्याच्या मागे लागले होते. कुडाळच्या बाजारात तेल घेताना दुकानदारासमोर तो कितीतरी वेळ उभा राहिला आणि शेवटी “ता… डोक्याक लावतत ता दी” एवढेच म्हणू शकला. घरात विळी, शिंके, कंदील या साऱ्यांची नावे एकेक करून निसटू लागली.

“तुमी सगळ्याक ‘ता’ म्हणतास,” त्याची बायको सुभद्रा म्हणाली. “ता हाड, ता दी. ह्या घरात ‘ता’ तरी कितकी आसत?”

ती हसली. तोही हसला.

तेव्हापासून तो दररोज गोठ्यात जाऊन वासरापुढे गाऱ्हाणे घोकू लागला. दोन वाक्ये होतात न होतात, तोच मन कोठेतरी निघून जाई. परत येई तेव्हा तिसरे वाक्य हरवलेले असे. “वासरू ‘व्हय म्हाराजा’ म्हणता काय ओ?” असे सुभद्रेने दारातून विचारले, तेव्हा त्याला हसू आले नाही. त्याने मनाशी निश्चय केला. किनाऱ्यावर गाऱ्हाणे तुटले, तर नारळ चुलतभाऊ गुरुदासाच्या हाती द्यायचा आणि पुन्हा गावापुढे उभे राहायचे नाही.

आता ते तुटले होते. तुटलेल्या गाऱ्हाण्यावर कोणीही होडीत पाऊल ठेवणार नव्हता. भरतीचे पाणी होडीला लागले होते आणि ते फार वेळ थांबणारे नव्हते.

“दादानू, जड जाता काय?” गुरुदास पुढे होऊन हळूच म्हणाला. “हाडा तो नारळ हय.”

भिकाजीने नारळ अर्ध्यापर्यंत पुढे केला. तोच, न ठरवता, त्याच्या तोंडून शब्द निघाले.

“बा देवा म्हाराजा, माका आठवणा नाय.”

“व्हय म्हाराजा!” मंडळी सवयीने गरजली. कोणीतरी फिस्सकन हसले.

“काल आठवत होता, आज नाय. खंय गेला, माका कळणा नाय.”

“व्हय म्हाराजा.” या खेपेस आवाज उतरला होता.

“माका भय वाटता, म्हाराजा.”

कोणीही होकार दिला नाही. दर्यावर निघालेल्या माणसासमोर भयाचे नाव काढू नये, हा किनाऱ्यावरचा कडक दंडक होता. सत्यवानाची बायको सावित्री पूजेचे ताट घेऊन उभी होती. गुरुदासाने मान खाली घातली.

मग होडीला टेकून उभा असलेला सत्यवान बोलला. डोलकाठी एकट्याने खांद्यावर घेणारा तो गडी.

“व्हय म्हाराजा,” तो म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून, “माकाय वाटता. दरवर्साक वाटता.”

“माकाय,” म्हातारा खलाशी बाळा म्हणाला.

“आनी माका घरात बसान वाटता, तेचा काय?” सावित्री म्हणाली. गाऱ्हाण्यात बायका बोलत नसत. पण तिला कोणी थांबविले नाही.

गुरुदासाने पुढे केलेला हात मागे घेतला आणि जोडला.

तीस वर्षांत भिकाजीने देवापाशी काय मागावयाचे बाकी ठेवले होते? तथापि ही एक गोष्ट प्रत्येक जण आपापल्या पोटात घालून होडीत चढत होता, आणि ती कधी कोणी देवाच्या पायांपाशी उतरविलीच नव्हती. त्याने नारळ कपाळापर्यंत उचलला. त्याला आता काही आठवावे लागले नाही.

“तर म्हाराजा, ह्या सगळ्यांचा भय आज आमी तुज्या पायाकडे ठेयलव. ता तू संभाळ. ह्या माणसांका दर्यार धाड, नी जशी धाडतंस तशीच घराक हाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

त्या पुकाऱ्यात बायकांचे आवाज होते. सुभद्रेचा सर्वांत मोठा होता.

नारळ लाटेवर गेला. होडी पाण्यावर चढली आणि खलाशी टपाटप आत उड्या टाकते झाले. चार लाटा ओलांडल्यावर सत्यवान होडीत उभा राहिला आणि तोंडाभोवती हात धरून ओरडला,

“काकानू, फुडल्या वर्साकव तुमीच! ह्याच गाऱ्हाणा घाला!”

भिकाजी गुडघाभर पाण्यात शिरला. “आनी रे, तवसर जुना आठवला तर?”

वल्ही क्षणभर थांबली. होडीत हशा उसळला आणि त्यातून सत्यवानाचा आवाज पाण्यावरून स्पष्ट आला,

“आठवला तर इसरा!”