रविवारची पोरं

अभिमननानांच्या दाराबाहेर चपलांचा हा ढीग पडला होता. एस्तेरबाई पायरीशीच थांबल्या. त्यातली निम्मी पायताणं त्यांच्या ओळखीची होती. एके काळी ती रविवारी सकाळी प्रार्थनामंदिराच्या दारात दिसायची. घोडं कुठे पेंड खातंय ते बाईंना आज कळलं.

नाना म्हणजे पारोळ्यातल्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे मुख्य पंच. रविवारच्या शाळेला पोरं येत नाहीत, तेव्हा येत्या महिन्यापासून ती बंद करावी, असं कालच्याच बैठकीत त्यांनी सांगितलं होतं. "सतरंजी अंथरायची तरी कोणासाठी?" असंही वर विचारलं होतं. बाई काय बोलणार? धुळ्याहून सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून बदलून आल्यापासून त्यांनी या वर्गासाठी जिवाचं रान केलं होतं. चित्रं आणली, गाणी बसवली, घरोघर फिरल्या. तरी घंटा वाजवून त्या एकट्याच बसून राहायच्या. आणि पोरं होती कुठे, तर खुद्द पंचांच्या घरात, टीव्हीपुढे! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

अख्ख्या गल्लीत टीव्ही एकच, नानांचा, लाकडी शटरचा. रविवारी सकाळी त्यावर धनुष्यबाणांची मालिका लागली की रस्ते ओस पडायचे. आज सगळ्यांदेखत नानांना जाब विचारायचा, असं ठरवून बाई तरातरा आत शिरल्या.

"सलाम, बाई. बसा ना," नाना ओशाळून म्हणाले.

पोरांनी "शूऽऽ" केलं. दोघं-तिघं सरकली, तेवढ्या जागेत बाई धुसफुसत मांडी घालून बसल्या.

मग त्यांचं लक्ष बेबाबाईंकडे गेलं. नानांच्या या बायकोला सगळी गल्ली आक्का म्हणायची. आक्का टीव्हीच्या टेबलाला टेकून बसल्या होत्या. तोंड पोरांकडे आणि पाठ टीव्हीकडे. पडद्यावर बाण सुटला की पोरांचे डोळे मोठे व्हायचे, आणि ते पाहून आक्कांचे. पोरं हिरमुसली की आक्कांचाही चेहरा पडायचा. सगळी मालिका त्या पोरांच्या तोंडावरच पाहत होत्या. मधेच पुढ्यातल्या लहानग्या सुवार्ताचं नाक त्यांनी पदरानं पुसलं.

जाहिराती लागल्या तशा बाई नानांना अंगणात घेऊन गेल्या.

"नाना, पोरं कुठे असतात ते तुम्हाला ठाऊक होतं. तरी वर्ग बंद करा म्हणालात?"

नानांनी मान खाली घातली. "तुमना वर्ग भरना, तर मन्हं घर रिकामं व्हई जाई, बाई."

मग तुटक तुटक त्यांनी सांगितलं. त्यांची एकुलती एक लेक कौतिक याच रविवारच्या शाळेत यायची. बाई पारोळ्यात येण्याआधीच ती काविळीनं गेली. तेव्हापासून आक्कांनी मंदिराची पायरी चढणं सोडलं आणि बोलणंही जवळजवळ टाकलं. जीव रमेल म्हणून नानांनी टीव्ही आणला. आक्कांनी त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पण पहिल्याच रविवारी गल्लीतली पोरं घरात घुसली आणि आक्का हसल्या. त्या हसण्यापुढे नानांना पंचपणाची चाड राहिली नाही.

बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. पण पेच सुटला नव्हता. वर्ग भरवायचा, तर या बाईचं हसू हिरावून घ्यावं लागणार होतं. ते त्यांना जमणारं नव्हतं.

मालिका संपली. पोरं पांगली. बाई आक्कांजवळ जाऊन बसल्या. "आक्का, मला एकटीला पोरं सांभाळता येत नाहीत. पुढच्या रविवारी माझ्याबरोबर मंदिरात याल?"

नानाच घाईनं म्हणाले, "मी शटर लावून ठेवतो. टीव्ही बंद म्हटल्यावर पोरं आपोआप तिकडे येतील."

तेव्हा आक्कांनी मान वर केली. "बंद कसाले? चालूच ऱ्हाऊ द्या. ज्याले देखनं व्हई, तो देखी." मग बाईंकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "मी येसू तुमनासंगे. पन पोरं टीव्हीकरता येतस, बाई. माले कोन इचारस?"

पुढच्या रविवारी आक्का आल्या. उंबऱ्याशी जरा अडखळल्या, मग आत येऊन सतरंजीच्या एका कडेला बसल्या. कौतिक तिथे बसायची. आक्का त्या जागेवरून नुसता हात फिरवत राहिल्या. बाईंनी घंटा वाजवली आणि दाराकडे डोळे लावले.

कोणी आलं नाही. गल्लीतून मालिकेचं सुरुवातीचं संगीत ऐकू आलं. आपला वर्ग तर गेलाच, पण या माउलीला मिळालेला तेवढा एक विरंगुळाही आपण घालवला, असं वाटून बाई रडायच्या बेताला आल्या. आक्कांनी गुडघ्यावर हात टेकला. उठून उभ्या राहिल्या. "चाला बाई," त्या एवढंच म्हणाल्या.

इतक्यात दारात धापा टाकत सुवार्ता उभी राहिली. नानांच्या घरात, चुलीजवळ, मागच्या मोरीत, सगळीकडे ती शोधून आली होती. टीव्ही तिकडे चालूच होता. तिनं आत डोकावून पाहिलं. मग गर्रकन वळून ती गल्लीतल्या सगळ्या पोरांना ऐकू जावं म्हणून जिवाच्या आकांतानं ओरडली,

"सापडनी रे! चला बठ्ठा! आक्का आठे शे!"